अभिप्रेत श्रोता : मराठी ख्रिस्ती धर्मसेवेच्या शिक्षणाचा भाषिक इतिहास

ख्रिस्ती धर्मसेवेचे शिक्षण हा विषय सामान्यतः धर्मसंस्थेच्या इतिहासकारांकडे सोपविला जातो. अभ्यासक्रम, पदव्या, दीक्षाविधी आणि संस्थांची स्थापनावर्षे यांच्या नोंदीपुरताच त्याचा विचार होतो. वाङ्मयाच्या दृष्टीने पाहता मात्र सेमिनरी ही वक्ते घडविणारी संस्था होय. तेथून बाहेर पडणारी व्यक्ती पुढील तीस-चाळीस वर्षे दर रविवारी एका समूहासमोर उभी राहून एका ग्रंथाचा अर्थ लावते. हा अर्थ ती कोणत्या भाषेत विचारपूर्वक सिद्ध करते आणि कोणत्या भाषेत उच्चारते, या दोन भाषा एकच आहेत की भिन्न, आणि भिन्न असल्यास त्यांच्यातील अंतर कोण भरून काढते, हे प्रश्न तौलनिक साहित्याच्या कक्षेत येतात.

वोल्फगांग इझर याने कथनात्म साहित्याच्या संदर्भात 'अभिप्रेत वाचक' ही संकल्पना मांडली. संहितेच्या रचनेतच एक वाचक गृहीत धरलेला असतो, हे तिचे सूत्र. त्याच धर्तीवर असे म्हणता येईल की प्रत्येक धर्मशिक्षणक्रमात एक अभिप्रेत श्रोता दडलेला असतो. मराठी भाषकांमधील ख्रिस्ती धर्मसेवेच्या शिक्षणाचा चार शतकांचा इतिहास म्हणजे हा श्रोता वेळोवेळी कसा बदलत गेला, याचा इतिहास होय.

१. रायतूर : उपदेशक विद्यार्थी होतो

या इतिहासाचा आरंभ गोव्यात, साष्टी प्रांतातील रायतूर येथे होतो. १५७९ मध्ये गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स याने आपल्या हयातीचा उरलेला काळ मुख्यतः साष्टीत काढला. त्याचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. या ग्रंथाचे भाषावैभव पुष्कळ अभ्यासकांनी वर्णिले आहे. येथे प्रस्तुत आहे तो त्याचा प्रारंभीचा प्रसंग. धर्मतत्त्वांची शिकवणूक चालू असता श्रोत्यांतील एक जण उठतो आणि विचारतो, की पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य ठरविली, मग त्यांच्या जागी आम्हांला काही का देत नाही? ग्रंथाची सारी निर्मिती या प्रश्नाचे उत्तर म्हणून सादर केली आहे.

हा प्रसंग काल्पनिक असो वा प्रत्यक्ष घडलेला, त्यात एक शैक्षणिक सिद्धान्त अनुस्यूत आहे. उपदेशकाने काय शिकावे, हे श्रोत्याच्या मागणीवरून ठरते. प्रश्नोत्तररूप धर्मबोध पुरेसा नाही. श्रोत्याला पुराण हवे, ओवी हवी, श्रवणाचा सोहळा हवा. म्हणून युरोपीय धर्मगुरूला मराठी संतकवींच्या परंपरेचा विद्यार्थी व्हावे लागले.

हा काळ टिकला नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेविरुद्ध फर्मान काढले आणि लोकांनी पोर्तुगीज भाषा आत्मसात करावी, असा आग्रह धरला. भाषा शिकण्याचे ओझे उपदेशकाकडून काढून श्रोत्याच्या माथी टाकण्यात आले. पुढे १७५९ मध्ये जेझुइटांची हकालपट्टी झाली आणि १७६२ मध्ये रायतूरच्या त्याच वास्तूत धर्मप्रांताची सेमिनरी सुरू झाली. ही सेमिनरी आजही कार्यरत आहे. एकाच छताखाली धर्मशिक्षणाची दोन परस्परविरोधी भाषाधोरणे अनुभवलेली वास्तू म्हणून रायतूरकडे पाहिले पाहिजे.

२. अहमदनगर : देशी भाषेचे दुहेरी दान

प्रोटेस्टंट परंपरेत प्रथम ग्रंथ आला, मग उपदेशक. विल्यम कॅरी याने श्रीरामपूर येथून १८०५ मध्ये मराठी व्याकरण आणि १८११ मध्ये नव्या कराराचे मराठी भाषांतर प्रसिद्ध केले. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले कार्यकर्ते १८१३ मध्ये मुंबईत उतरले. १८३१ मध्ये अहमदनगर येथे (आजचे अहिल्यानगर) ठाणे स्थापन झाले आणि १८४२ मध्ये तेथून 'ज्ञानोदय' निघू लागले. एतद्देशीय पाळकांच्या दीक्षेस मात्र १८५४ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकन मराठी मिशनमध्ये हरि रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना, तर स्कॉटिश फ्री चर्चमध्ये नारायण शेषाद्री यांना दीक्षा मिळाली.

अहमदनगरच्या दीक्षेमागे व्यक्तींच्या पात्रतेबरोबर एक धोरणही होते. अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये शिष्टमंडळासह हिंदुस्थानात आले. स्थानिक मंडळी स्वावलंबी, स्वशासित आणि स्वतःच धर्मप्रसार करणारी व्हावी, हा त्यांचा आग्रह होता. यासाठी देशी पाळक हवेत आणि त्यांचे शिक्षण देशी भाषेत व्हावे. इंग्रजी शाळांवरील खर्च आटोक्यात आणावा, असे त्यांचे मत पडले. इंग्रजी शिकलेला तरुण खेड्यातील मंडळीकडे परतत नाही, सरकारी कचेरीची वाट धरतो, हा अनुभव त्यामागे होता.

या धोरणाचे मूल्यमापन एकेरी करता येत नाही. एका बाजूने, मराठी ही ईश्वरविज्ञानाची भाषा होऊ शकते, असे मान्य झाले. मराठी प्रवचन, मराठी गीत आणि ख्रिस्ती कीर्तन यांना अहमदनगरच्या परिसरात जे बळ मिळाले, ते या वातावरणाचे फळ होय. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी कीर्तनाचा साचा ख्रिस्तचरित्राला लावला तो याच परिसरात. दुसऱ्या बाजूने, इंग्रजीचे दार मिटल्यामुळे देशी पाळक मूळ वादविवादांपासून दूर राहिला. बायबलची चिकित्सा, सिद्धान्तांचा इतिहास आणि मिशनच्या कारभाराचा पत्रव्यवहार इंग्रजीतच चाले. मराठीत शिकलेल्या पाळकाला मंडळीसमोर बोलता येई. मिशन मंडळाच्या बैठकीत तो मात्र श्रोताच राही. आपुलकी आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी एकाच निर्णयातून जन्मल्या.

१८७८ मध्ये रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्या पुढाकाराने अहमदनगरच्या शिक्षणाला रीतसर सेमिनरीचे रूप आले. मुंबईत जन्मलेल्या या मिशनऱ्याचे मराठीशी नाते जवळचे होते. १८८६ मध्ये रजेवर असता, ज्यांच्या कानी ख्रिस्तवार्ता पडलीच नाही अशांना मृत्यूनंतर संधी मिळू शकेल काय, या अँडोव्हर येथील वादात त्यांनी उदार मताची बाजू घेतली आणि त्यामुळे त्यांच्या परतीलाच हरकत घेतली गेली. १८८७ मध्ये ती उठली. हा वाद अमेरिकेत इंग्रजीत झाला, परंतु त्याचे मूळ प्रश्न अहमदनगरच्या श्रोत्याचे होते. पूर्वज ख्रिस्ताविना गेले, त्यांचे काय, असे विचारणारा श्रोता न्यू इंग्लंडमध्ये क्वचितच होता. नेवासे-राहुरीकडे तो घरोघरी होता.

३. टिळक आणि रमाबाई : सेमिनरीच्या कक्षेबाहेर

अहमदनगरच्या सेमिनरीशी निगडित झालेले सर्वांत मोठे वाङ्मयीन नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर ते अहमदनगरला आले, सेमिनरीत त्यांनी अध्यापन केले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, ही त्यांची धारणा सर्वश्रुत आहे. ही धारणा अभ्यासक्रमात उतरली, तर वारकरी वाङ्मय हे खंडनासाठी वाचावयाचे परमत राहत नाही, ते पूर्वपीठिका होते. टिळकांच्या भजनांनी मराठी उपासनेचा सूर बदलला. तमिळमधील वेदनायगम शास्त्री आणि एच. ए. कृष्ण पिळ्ळै यांच्या कार्याशी या घटनेची तुलना होऊ शकते. तेथेही देशी काव्यपरंपरेत मुरलेल्या कवींनी मंडळीला तिची उपासनाभाषा दिली.

तथापि १९१७ मध्ये टिळक मिशनच्या सेवेतून मुक्त झाले आणि 'देवाचा दरबार' या नावाने बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभारण्याच्या मागे लागले. ज्याने श्रोत्यांची भाषा घडविली, त्याला संस्थेची चौकट पुरली नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' या संस्थाजीवनाकडे घरातून पाहतात. मिशनचे बंगले, मंडळ्यांतील माणसे आणि दुष्काळातील पोरकी मुले यांच्या त्यांतील नोंदी धर्मसेवेचे प्रत्यक्ष शिक्षण कोठे होत असते, हे कोणत्याही अहवालापेक्षा अधिक स्पष्ट सांगतात.

दुसरे उदाहरण पंडिता रमाबाईंचे. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर सिद्ध केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पांडित्य दाखविणारी भाषा टाळून अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल असे मराठी योजावे, हा त्यांचा संकल्प होता. त्या काळच्या व्यवस्थेत त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळणे शक्य नव्हते. 'बायबलबाई' म्हणून घरोघरी वाचन करणाऱ्या असंख्य स्त्रियांनाही ती मिळाली नाही. भाषांतर, अर्थनिर्णय आणि पठण ही धर्मसेवेची मूलभूत कामे स्त्रिया करीत होत्या; पदवी आणि पद यांच्या इतिहासात मात्र त्यांची नोंद दुय्यम राहिली.

४. श्रीरामपूरची शिडी आणि बेंगळुरूची दिशा

विसाव्या शतकात धर्मशिक्षणाची पदवीव्यवस्था उभी राहिली. श्रीरामपूर महाविद्यालय १८१८ मध्ये स्थापन झाले. डेन्मार्कच्या राजाने १८२७ मध्ये त्याला पदवीदानाचा अधिकार दिला आणि १९१८ च्या बंगाल कायद्याने त्याच्या सिनेटला आधुनिक रूप आले. देशातील अनेक प्रोटेस्टंट सेमिनऱ्या या सिनेटशी संलग्न झाल्या. या व्यवस्थेत पातळ्यांची एक शिडी होती : देशी भाषांत शिकता येणारा खालचा अभ्यासक्रम आणि मुख्यतः इंग्रजीतून चालणारी बी.डी. ही वरची पदवी. भाषाभेद हाच दर्जाभेद झाला. अहमदनगरात मराठी ही धोरणाने निवडलेली भाषा होती. आता ती शिडीची खालची पायरी ठरली.

१९१० मध्ये अनेक मिशनांच्या सहकार्याने बेंगळुरू येथे युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज स्थापन झाले. डॅनिश विद्वान एल. पी. लार्सन हे त्याचे पहिले प्राचार्य. १९५४ मध्ये जे. रसेल चंद्रन यांच्या रूपाने पहिले भारतीय प्राचार्य लाभले. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषकांना एकत्र शिकवावयाचे तर इंग्रजी अपरिहार्य होती. पुढे या नगरात धर्मशिक्षणाची केंद्रे वाढत गेली : मल्लेश्वरमची सेंट पीटर्स सेमिनरी, १९५७ मध्ये बेंगळुरूत आलेले धर्माराम, कोत्तनूरचे सायॅक्स. महाराष्ट्रातही हीच दिशा दिसते. कॅन्डी येथे १८९३ मध्ये स्थापन झालेली पोपची सेमिनरी १९५५ मध्ये पुण्यास आली आणि तिच्याशी निगडित विद्यापीठ पुढे 'ज्ञानदीप विद्यापीठ' म्हणून ओळखले जाऊ लागले. १९५३ मध्ये यवतमाळ येथे स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ मध्ये पुण्यातील बिबवेवाडीस हलली. दोन्ही संस्था महाराष्ट्राच्या भूमीवर असल्या तरी अखिल भारतीय आणि इंग्रजी माध्यमाच्या आहेत.

येथे अभिप्रेत श्रोत्याचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. इंग्रजीतून घडलेल्या या अभ्यासक्रमाचा श्रोता इंदिरानगरसारख्या वसाहतीत सहज सापडतो. अशा वसाहतींत निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, इंग्रजी शिकलेली कुटुंबे राहतात आणि अनेक मंडळ्यांची उपासना इंग्रजीतच होते. तेथे वर्गातील भाषा आणि व्यासपीठावरील भाषा यांत फारसे अंतर राहत नाही. परंतु जालना, नेवासे किंवा वडाळा येथून आलेला विद्यार्थी पदवी घेऊन परततो, तेव्हा त्याला प्रत्येक संकल्पना पुन्हा नव्याने उभारावी लागते. 'इन्कार्नेशन' हा शब्द तो परीक्षेत लिहितो. मंडळीसमोर 'देहधारण' म्हणावे की 'अवतार', आणि 'अवतार' म्हटल्यास श्रोत्याच्या मनात कोणत्या कथा जाग्या होतील, याचा निर्णय त्याला एकट्याने करावा लागतो. स्टीफन्सच्या काळी हा निर्णय शिक्षणाचा गाभा होता. आता तो शिक्षण संपल्यानंतरची वैयक्तिक अडचण ठरला आहे.

ही स्थिती सर्व भाषांची नाही. मदुराईतील अरसरडी येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या तमिळनाडू थिऑलॉजिकल सेमिनरीने तमिळ माध्यमातील उच्च धर्मशिक्षणाची परंपरा निर्माण केली. मंगळूरच्या कर्नाटक थिऑलॉजिकल कॉलेजने बासेल मिशनचा वारसा पुढे नेत कन्नडला स्थान दिले. अहमदनगरचा वारसा असूनही मराठीला मदुराईच्या तोडीचे केंद्र लाभले नाही.

५. १९८१ : एका मराठी शब्दाचा प्रवास

मात्र बेंगळुरूच्या या इंग्रजी वर्गातूनच मराठी अनुभवाने सर्वांत मोठा हस्तक्षेप केला, हे इतिहासाचे वेगळेपण. एप्रिल १९८१ मध्ये अरविंद पी. निर्मल यांनी युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या कॅरी सोसायटीसमोर शूद्रांच्या दृष्टीने ईश्वरविज्ञान मांडण्याची आवश्यकता प्रतिपादन करणारे व्याख्यान दिले. दलित ईश्वरविज्ञानाच्या इतिहासात हे व्याख्यान आरंभबिंदू मानले जाते. पुढे निर्मल चेन्नईच्या गुरुकुल लुथरन थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये दलित ईश्वरविज्ञान विभागाचे प्रमुख झाले. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाले.

या घडामोडीची जागतिक पार्श्वभूमी प्रसिद्ध आहे. गुस्ताव्हो गुतिएरेस यांचा मुक्तीच्या ईश्वरविज्ञानावरील ग्रंथ १९७१ मध्ये आला आणि १९७२ मध्ये थिऑलॉजिकल एज्युकेशन फंडाने धर्मशिक्षणाच्या 'संदर्भीकरणाचा' पुरस्कार केला. निर्मलांचा विचार केवळ या प्रेरणांतून उलगडत नाही. त्यांच्या भाषेमागे १९५८ च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनापासून १९७२ च्या दलित पँथरपर्यंत आणि 'गोलपिठा'पासून १९७८ च्या 'बलुतं'पर्यंतची मराठी परंपरा उभी होती. 'दलित' हा शब्द स्वाभिमानदर्शक संज्ञा म्हणून मराठी साहित्याने घडविला आणि तेथून तो ईश्वरविज्ञानाच्या इंग्रजीत स्थिरावला.

निर्मलांचा मुख्य आक्षेप असा, की 'भारतीय' म्हणविणारे ख्रिस्ती ईश्वरविज्ञान उच्चवर्णीयांच्या तत्त्वपरंपरेशीच संवाद साधत राहिले. वेदान्त आणि सच्चिदानंद यांच्या परिभाषेत ख्रिस्ताची मांडणी झाली; पण मंडळीत बसलेले बहुसंख्य लोक ज्या अनुभवातून आले, त्याला त्या परिभाषेत जागा नव्हती. 'अनुवाद' या बायबलमधील पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात इस्राएली भक्त आपल्या भटक्या पूर्वजाचे स्मरण करतो. निर्मलांनी या वचनाचे वाचन आपल्या अस्पृश्य पूर्वजांच्या स्मरणातून केले. त्या भटक्या पूर्वजाला फिरण्याचे जे स्वातंत्र्य होते, तेही यांना नव्हते, हे त्यांनी दाखविले. वाङ्मयीन परिभाषेत सांगावयाचे तर त्यांनी अभिप्रेत श्रोता बदलला. वेदान्ताचा जाणकार श्रोता बाजूला झाला आणि वेशीबाहेरचा श्रोता केंद्रस्थानी आला.

हा बदल टिळकांच्या वारशाशीही संवाद आणि विसंवाद करतो. टिळकांनी संस्कृतप्रचुर मिशनरी भाषेऐवजी संतांची भाषा आणली. ख्रिस्ती मंडळ्यांत मोठ्या संख्येने आलेल्या महार-मांग समाजांना वारीची वाट परिचयाची होती आणि पंढरीच्या मंदिराचे दारही परिचयाचे होते; ते दार १९४७ मध्ये साने गुरुजींच्या उपोषणानंतर उघडले. म्हणून भक्तीचा वारसा त्यांच्यासाठी जिव्हाळ्याचा होता आणि जखमेचाही. चोखोबांचे अभंग सेमिनरीच्या वर्गात वाचले गेल्यास हे दोन्ही पदर एकत्र उलगडतात.

६. परतीचा प्रवास

निर्मलांचा विचार इंग्रजीत मांडला गेला, इंग्रजीत संपादित झाला आणि जगभरच्या सेमिनऱ्यांत पोहोचला. मराठी शब्दाने बेंगळुरूमार्गे जग गाठले; परंतु तो विचार मराठी मंडळीपर्यंत तितक्या ताकदीने परतला नाही. ज्या पूर्वजांच्या स्मरणावर तो उभा आहे, त्यांचे वंशज रविवारी जे प्रवचन ऐकतात, त्यात त्याचे पडसाद क्वचितच उमटतात. हा प्रश्न केवळ प्रतिष्ठेचा नाही. १९५० च्या राष्ट्रपती आदेशानुसार ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींचा दर्जा मिळत नाही. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना तो देण्यात आला. आपल्या स्थितीचे नाव काय, हा या समाजाचा रोजचा प्रश्न आहे. त्या प्रश्नाशी बोलण्याची भाषा पाळकाला त्याच्या शिक्षणाने दिली पाहिजे.

कॅथलिक परंपरेतील अलीकडचा अनुभव या दृष्टीने उद्‌बोधक ठरतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) उपासनेत लोकभाषांना प्रवेश दिला आणि धर्मगुरूंच्या शिक्षणाचाही फेरविचार केला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे दीर्घकाळ संपादन केले, 'सुबोध बायबल' सिद्ध केले आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आजचे धाराशिव) येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. लिहिता धर्मगुरू मराठी वाङ्मयव्यवहाराच्या मध्यभागी उभा राहू शकतो, हे त्यांच्या कार्याने दाखविले. टिळकांप्रमाणे त्यांचेही सामर्थ्य मात्र व्यक्तिगत साधनेतून आले होते. अशा साधनेची तरतूद करणारा अभ्यासक्रम ही वेगळी गोष्ट आहे.

वरील इतिहासातून असे दिसते की इंग्रजी की मराठी, हा पर्याय मुळातच अपुरा आहे. अँडरसनच्या धोरणाने केवळ मराठी देऊन पाळकाला निर्णयाच्या कक्षेबाहेर ठेवले. श्रीरामपूरच्या शिडीने इंग्रजी देऊन त्याला श्रोत्यापासून दूर नेले. दोन्ही वेळा भाषांतराचे कष्ट अभ्यासक्रमाबाहेर राहिले. ज्या शिक्षणात विद्यार्थ्याला एकच प्रवचन दोन भाषांत रचावे लागेल, 'अवतार' आणि 'देहधारण' यांतील निवडीचे समर्थन करावे लागेल, स्टीफन्स, चोखोबा, टिळक, रमाबाई आणि 'बलुतं' यांना बायबलच्या भाष्यांइतक्याच गांभीर्याने वाचावे लागेल, त्या शिक्षणात ही दरी विषयाच्या केंद्रस्थानी येईल. असे काम सेमिनरी एकटी करू शकणार नाही. विद्यापीठांतील मराठी आणि तौलनिक साहित्याच्या विभागांचा त्यात सहभाग लागेल. मराठी विभागांनी ख्रिस्ती वाङ्मयाला मध्ययुगीन काव्याच्या एका प्रकरणापुरते आणि 'स्मृतिचित्रां'पुरते मर्यादित ठेवले असल्यामुळे या दुराव्यात त्यांचाही वाटा आहे.

रायतूरच्या त्या श्रोत्याने विचारलेला प्रश्न अजून जुना झालेला नाही. आमचे होते ते काढून घेतले, त्या जागी काय दिले, असे तो विचारीत होता. स्टीफन्सने त्याच्याकडूनच भाषा शिकून उत्तर दिले. आज तोच प्रश्न जालन्याच्या किंवा नेवाशाच्या मंडळीत कोणी विचारला, तर समोर उभ्या असलेल्या पदवीधर पाळकाजवळ त्याचे मराठी उत्तर असावे, हीच धर्मसेवेच्या शिक्षणाची कसोटी राहील.